चालू दाराला बंदची पाटी

सोमवार, २ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडे तूही ठीक असशील. ही दोन वाक्यं लिहून टाकली की हात मोकळा होतो, म्हणून लिहिली. खरी की खोटी ते पुढे बघू.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलेय. गेल्या वर्षी तू तुझी पुस्तकं मागवून घेतलीस, त्या खोक्यावरचा पत्ता मी जपून ठेवला होता. बाबांना माहीत नाही. माहीत असलं तरी ते तसं दाखवणार नाहीत, तुला माहितीच आहे.

बातम्या सांगते. खालच्या काकूंच्या मांजरीला तीन पिल्लं झाली आणि तिन्ही आपल्या पायपुसण्यावर झोपतात. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. लिफ्टची देखभाल आता बाबांऐवजी एक कंपनी करते. त्यांचा माणूस आला की बाबा शेजारी उभे राहून त्याला हैराण करतात. तो बिचारा म्हणाला, "काका, तुम्ही रिटायर झालात ना?" बाबा म्हणाले, "मी झालो. लिफ्ट झाली नाही."

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमची कंपनी एक ऑनलाइन गेम चालवते. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जगात खेळतात, जथे करून डोंगराच्या पोटात खोल खोल उतरतात. सगळ्यात तळाशी एक लोखंडी दार आहे, त्यामागे शेवटचं दालन. ते दालन माझं. दीड वर्ष मी तेवढंच केलं. गेम जानेवारीच्या शेवटी सुरू झाला, पण दार आम्ही मुद्दाम पाच आठवडे बंद ठेवलं. नाहीतर दिवसरात्र खेळणारे चार दिवसांत दालन संपवून मोकळे होतात, आणि नोकरी-संसार सांभाळून खेळणारे अर्ध्या वाटेवर असताना त्यांना शेवट कळून जातो. सगळ्यांनी दारापर्यंत पोचावं आणि मग एकदमच आत शिरावं, हा हेतू. येत्या गुरुवारी, पाच तारखेला दुपारी चारला दार उघडतंय.

आता हस. त्या दाराशी बाबा उभे आहेत.

खरंच. रिटायर झाल्यावर घरात येरझाऱ्या घालून जमीन झिजवत होते, म्हणून मीच त्यांना गेम लावून दिला. आता चोवीस जणांचा जथा आहे त्यांचा. एक नर्स आहे, एक ट्रक चालवणारा आहे, एक शाळामास्तर आणि त्यांची बायको. सगळे बाबांना "फोरमन" म्हणतात. बाबा वहीत हजेरी लिहितात. उशीर झाला तर नर्सबाईंनाही कारण द्यावं लागतं.

दुसरी बातमी अशी की बाबांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. ऑपरेशन करून बदलावी लागेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, पण फार थांबण्यासारखंही नाही. बाबांनी त्यांच्यासमोरच खिशातून डायरी काढली. "पाचला दार उघडतंय. दोन-तीन दिवस आत जातील. दहाला मी तुमचा." बाईंना वाटलं, कुठल्या उद्घाटनाला जायचंय.

तर मंगळवारी, दहा तारखेला ऑपरेशन आहे.

एक गंमत सांगायची राहिली. बाबांचा नियम आठवतो? लिफ्ट दुरुस्त झाली की कागदावर सही करण्याआधी स्वतः आत बसायचं, वर जायचं, खाली यायचं, मगच सही. मी तो ऑफिसात सांगितला आणि आमच्या प्रोड्यूसरबाईंना इतका आवडला की आता तो आमचाही नियम झालाय. जो सही करणार त्यानं आधी एकट्यानं आत जाऊन यायचं. दालनाच्या कागदावर माझी सही लागते.

मला भीती वाटते, दादा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस.

तुझी,
धाकटी


गुरुवार, २६ मार्च

प्रिय दादा,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. तेवढं मला पुरे आहे.

ऑपरेशन झालेलं नाही. घाबरू नकोस. म्हणजे, घाबरायचं तेवढं मी घाबरलेय, तू निवांत वाच.

झालं असं की चार मार्चला आमच्या टेस्टरला दालनात बिघाड सापडला. ती पन्नाशीची बाई आहे. कोणी जरा चुकीचं काही केलं की फटकन बोलते, म्हणून सगळे तिला 'खवट' म्हणतात, आणि तिला ते आवडतं. तिनं दाखवलं की बाविसाव्या मिनिटाला पुलाच्या डाव्या बाजूला सहापेक्षा जास्त माणसं उभी राहिली तर जमीन नाहीशी होते आणि सगळे खाली पडतच राहतात. न मरता नुसते पडत राहतात. मी ते पडद्यावर पाहिलं. दार दोन आठवडे पुढे गेलं, एकोणीस तारखेला. खेळणाऱ्यांसाठी आम्ही सूचना लावली, काय झालं ते सगळं सविस्तर लिहिलं. लोक चिडले, पण समजून घेतलं.

बाबांनीही समजून घेतलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून म्हणाले, "आमचं काम दोन आठवडे लांबलंय. चोवीसला करू." जणू बाईच त्यांच्याकडे कामाला आहेत. मी समोर बसले होते. म्हणायला हवं होतं, बाबा, खेळ राहू द्या, आधी ऑपरेशन. नाही म्हटलं. चहा ठेवायला उठले.

मग एकोणीसच्या आदल्या दिवशी दार पुन्हा पुढे गेलं. पायऱ्यांचं काहीतरी होतं. कधीकधी तोल जातो असं. आता दोन एप्रिल. त्यामुळे ऑपरेशन सात एप्रिल.

या वेळी लोकांनी समजून घेतलं नाही. जे लिहितात ते तुला सांगत नाही. एकानं लिहिलं, माझी सुट्टी संपली, बायकोला दिलेला शब्द मोडून मी ती घेतली होती. प्रोड्यूसरबाई दिवसातून तीनदा माझ्या टेबलाशी येतात आणि सहीचा कागद बघून जातात. खवट त्या पायऱ्या रोज उतरतेय, पडत काही नाही. काल म्हणाली, "साठ वेळा उतरले गं. हा बिघाड मला दिसत का नाही? माझे डोळे गेले का?" मी तिच्यासाठी चहा आणायला उठले.

बाबांचं सांगते. परवा आंघोळीला गेले आणि वीस मिनिटं झाली तरी पाण्याचा आवाज नाही. मी दार वाजवलं. "बसलोय जरा," म्हणाले. बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते, ओठ निळसर. मी हात धरला तर म्हणाले, "वजन जास्त झालं की मोटर गरम होते, थोडी थंड होऊ द्यायची." मला हसवायला बोलले ते. मी हसले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचे वडील तारखा का ढकलतात ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर थांबवा. आता जाणारा प्रत्येक आठवडा माझं काम अवघड करतोय."

आईचं ऑपरेशन मला रोज आठवतं. तो लांब कॉरिडॉर, निळ्या खुर्च्या. नर्सनं फॉर्म पुढे केला तेव्हा बाबा म्हणाले, लिफ्टमधून कसलातरी आवाज येतोय, बघून येतो, आणि जिन्यानं खाली गेले. नर्स घाई करत होती. तू बावीस वर्षांचा होतास. तू सही केलीस. मी तुझ्या शेजारीच होते, दादा, पेन मीच दिलं होतं तुला.

आणि आई गेल्यावर बाबा त्याच कॉरिडॉरमध्ये तुला जे म्हणाले तेही मी ऐकलं. "सही तू केलीस." एवढंच. तू बॅग भरलीस तेव्हाही मी काही बोलले नाही. आपल्या घरात बोलायच्या वेळी चहा ठेवायला उठायची सवय माझी.

त्यानंतरचे आठ दिवस तुला माहीत नाहीत, तू गेला होतास. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि बाबांना कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. त्यांनी आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टला "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी लावली. ठणठणीत लिफ्ट. पाच मजले चढून कोण येतंय? आठ दिवस सगळी बिल्डिंग जिने चढली. खालच्या काकूंना संशय आला होता, पण त्याही बोलल्या नाहीत.

का लिहिलं हे सगळं, कोण जाणे. दोन एप्रिलला दार उघडेल. उघडायला हवं.

तुझी,
धाकटी


रविवार, ५ एप्रिल

दादा,

हे पत्र कुरियरनं पाठवतेय. उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. तुझं गाव इथून सहा तासांवर आहे. हिशेब मी केला, पुढचं तू ठरव.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. लिहिताना इतक्या जवळून गेले की तुला कळलीही असेल.

पायऱ्यांना काही झालं नव्हतं.

पहिला बिघाड खरा होता, खवटनं शोधलेला. तो दुरुस्त झाला. अठरा मार्चला कागद सहीसाठी माझ्या टेबलावर आला. नियमाप्रमाणे मी एकटीनं आत जाऊन यायचं होतं. मी खुर्चीत बसले आणि मनात आलं, मी सही केली की उद्या दार उघडणार, दार उघडलं की चोवीसला बाबा ऑपरेशनच्या टेबलावर. त्या कागदावर मला दुसराच कागद दिसायला लागला.  मी आत गेलेच नाही. लिहिलं, "शेवटच्या पायऱ्यांवर कधीकधी तोल जातो, पुन्हा तपासावं." कधीकधी. हा शब्द मी विचार करून घातला. जे कधीकधी होतं ते होत नाही असं कुणालाच सिद्ध करता येत नाही. ती बिचारी खवटही नाही.

मी बाबांना वाचवतेय असं मला वाटलं, दादा. निदान दोन आठवडे तरी. मी आईला तसं जाताना पाहिलंय, चाकांच्या पलंगावरून, दार ढकलून आत. मला ते दार पुन्हा बघायचं नव्हतं. आणि मी ज्या आठवड्यांना वाचवणं समजत होते तेच त्यांचा जीव खात होते. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितल्यावरही मी चार दिवस गप्प बसले.

शनिवारी, अठ्ठावीसला बाबा पडले. फ्रिजसमोर, दुपारी, हातात दुधाचं भांडं. भांड्याचा आवाज ऐकून मी धावले. डोळे उघडे, पण मी त्यात नव्हते. मला वाटलं संपलं. मी काय केलं माहितीय? ओरडले, "बाबा, तो बिघाड खोटा आहे!" ॲम्ब्युलन्स बोलवायच्या आधी. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि तोंडातून आलं ते हे.

अर्ध्या मिनिटात त्यांनी डोळे हलवले. फरशीवर दुधात पडल्या पडल्या म्हणाले, "माहितीय."

ते नंतर सांगितलं, हॉस्पिटलात, नाकात नळी असताना. डॉक्टरीणबाई बोलू नका म्हणत होत्या तरी. "तुमची पहिली सूचना वाचली मी. कुठे, किती जण, कितव्या मिनिटाला, सगळं होतं. दुसरीत काय? 'काही अडचणींमुळे.' खरा बिघाड सापडला की माणूस तपशील लिहितो, पोरी. मी चाळीस वर्षं पाट्या लावल्या. चालू लिफ्टला बंदची पाटी कशी दिसते ते मला कोण शिकवणार?"

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नाकातली नळी सारखी केली. "मलाही बरंच होतं की ते," म्हणाले. "तू दार ढकलत होतीस, मी तारीख. मी बाईंना सांगायचो, दार उघडू द्या. एवढा मोठा माणूस, मला भीती वाटते असं कुठे सांगणार?"

मग म्हणाले, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत लिहितेय, एकही इकडचा तिकडे केलेला नाही: "त्या दिवशी लिफ्टला आवाज नव्हता. मस्त चालली होती. मी खाली जाऊन तिच्यात बसलो आणि वरखाली करत राहिलो. चार वेळा. वर आलो तेव्हा त्यानं सही केली होती. माझं काम पोरानं केलं, आणि नंतर मी ते त्याच्याच डोक्यावर फोडलं. त्याच्या सहीत चूक नव्हती. त्याला सांग."

मी सांगितलं बघ.

सोमवारी ऑफिसात गेले. आधी खवटला सांगितलं. ती म्हणाली, "दोनशे अकरा वेळा उतरले मी त्या पायऱ्या." एवढंच बोलून कॉफी घ्यायला गेली. अजून नीट बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. प्रोड्यूसरबाईंना सांगितलं. नोकरी राहील की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल. सध्या तरी कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "नियम माहितीय ना? आत जा."

गेले. दीड वर्ष जे बनवलं त्यात मी कधी एकटी चाललेच नव्हते. पूल, त्याची डावी बाजू, मग पायऱ्या. शहाण्णव पायऱ्या आहेत. मीच मोजून घातल्या होत्या, तरी उतरताना माझी पाचावर धारण बसली होती. मला माहीत होतं की काही होणार नाही. तरी एकेक मोजत उतरले. शेवटच्या पायरीवर उभी राहिले. तोल गेला नाही. बाहेर आले आणि सही केली.

गुरुवारी चारला दार उघडलं. बाबांना घरी सोडलं होतं, अटी घालून: उशांना टेकून बसायचं, ओरडायचं नाही, तासाभरानं उठायचं. मी बाजूला रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसले. सगळा जथा हजर, नर्सबाई धरून. बाबांनी वहीत चोवीस खुणा केल्या. आणि मग बाकीचे तेवीस आत गेले तरी बाबा दारातच उभे राहिले. ट्रकवाला म्हणतोय, "फोरमन, या ना!" बाबांचं बोट बटणावर, पण दाबत नाहीत.

मी म्हटलं, "मी सोमवारी जाऊन आलेय, बाबा. पायऱ्या पक्क्या आहेत."

"सगळ्या?"

"शहाण्णव."

गेले. तिथे पुढे काय झालं ते सांगत नाही, कधी खेळशील तर मजा जाईल. पहिल्या खेपेला हरले एवढं सांगते, आणि हरल्यावर बाबा असे हसले की यंत्रानं वेडावाकडा आकडा दाखवला आणि मी खेळ बंद केला. राहिलेलं बरं झाल्यावर, असं जथ्याला सांगितलंय. नर्सबाईंनी लिहिलं, "आम्ही दाराशी थांबतो."

आता फॉर्मचं. काल हॉस्पिटलातून आणला. बाबांनी चष्मा लावून लिफ्टच्या तपासणीसारखा वाचला, दोन जागी शुद्धलेखन सुधारलं. खाली "जवळच्या नातेवाईकाची सही" म्हणून एकच ओळ आहे. मी पेन काढलं तर त्यांनी हात आडवा घातला.

"आधी त्याला विचार," म्हणाले. "नाही आला तर तू कर. पण पेन आधी त्याच्यापुढे धर."

मी म्हटलं, "एकदा सही करून त्यानं काय भोगलं ते माहितीय ना तुम्हाला?"

"म्हणूनच," म्हणाले. "या वेळी मी कॉरिडॉरमध्ये असेन. पलंगावर का होईना, पण असेन. लिफ्ट बघायला जाणार नाही."

शंभरात चार जण परत येत नाहीत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उशीर झाला नसता तर दोन. ते जास्तीचे दोन माझे आहेत, दादा. मंगळवारी काही वाईट झालं तर मी ते कुठे ठेवू मला कळत नाही. तुला आजवर हेच वाटत आलं असेल का? मी इतकी वर्षं विचारलं नाही. मला खूप भीती वाटतेय. जेवण जात नाही.

मंगळवारी सकाळी साडेसातला फॉर्म द्यायचा आहे. तिसरा मजला, तोच कॉरिडॉर, खुर्च्या आता हिरव्या आहेत. मी सातपासून तिथे असेन. तू आलास तर पेन तुझ्यापुढे धरीन. तू सही कर किंवा करू नकोस, नुसता शेजारी बस, काहीही चालेल.

पण साडेसातला तू दिसला नाहीस तर मी सही करणार. आठपर्यंत वाट बघणार नाही, तारीख मागणार नाही, चहा आणायला उठणार नाही. हे आजवर कुणाला लिहून दिलं नव्हतं, ते तुला देतेय.

तिथली लिफ्ट चालू आहे. मी काल दोनदा वरखाली करून बघितली.

तुझी वाट बघणारी, पण साडेसातपर्यंतच,
धाकटी